शिडीवरचा साक्षीदार

सुनंदा खंडारे यांना गेल्या पोळ्याच्या आधीच्या पोळ्याला, करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेचार वाजता आमच्या गावच्या चौकात मारलं. मारणारा बंडू ठेकेदार आणि त्याचे दोघे. हातात थ्रेशरचा रबरी पट्टा. कारण एवढंच, की बौद्ध वस्तीमागच्या टेकडीतून बंडू मुरूम उपसत होता, वस्तीतल्या घरांना तडे जात होते, आणि सुनंदाताई तीन दिवस टिप्परसमोर उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा डावा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. आता निंदायला जातात तेव्हा विळा डाव्या हातात धरतात.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण नारायण पेंटरनं मला तसं शिकवलं. मी तेव्हा भाऊंची पत्रकं लिहायचो. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, आमच्याकडं ते लागतही नाही. माझं एक पत्रक पेंटरनं हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि परत दिलं.

"लेका, चार वळी झाल्या तरी कोनाचं काय झालं हे सापडूनच नाई राह्यलं. आधी नाव सांग. मंग येळ सांग. मंग नाच काय नाचायचं ते."

मला राग आला होता. मी पदवीधर, हा चौथी शिकलेला. पण पुढच्या पत्रकात मी नाव आधी लिहिलं.

नारायण पेंटरनं भाऊंच्या पहिल्या निवडणुकीपासून भाऊंच्या भिंती रंगवल्या. शेलूबाजारपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि तिथून चौफेर जेवढी म्हणून गावं आहेत त्यांच्या भिंतींवरचं भाऊंचं नाव त्याच्या हातचं. अंगानं काडी, कानांवर केस, नखांत कायमची नीळ. सायकलला बांबूची शिडी आडवी बांधून तो बाजाराच्या दिवशी शेलूबाजारातून निघाला की दोन्ही बाजूंची माणसं शिव्या देत मागं सरकायची. तो शांतपणे म्हणायचा, "शिडी हाय बाप्पा, नागोबा नाई." शिडी कुणाला उसनी देत नसे. एकदा सरपंचाच्या घरचं डिशची छत्री बसवायला मागितली तर म्हणाला, "मी येतो शिडीसंगं. एकटी नाई जात ते कुठं."

आधी चुन्याचा हात मारायचा. तो वाळेपर्यंत सावलीत बसायचा. मग दोरी गेरूत बुडवायची, दोन टोकं दोन खिळ्यांना ताणायची आणि मधून चिमटीनं उचलून सोडायची. फट् असा आवाज आणि भिंतीवर सरळ लाल रेघ. ती रेघ तो बोटानं पुसून बघायचा. का, ते मी विचारलं तर म्हणाला, "सवय हाय."

पण त्याची खरी गोष्ट वेगळी होती. तो विचारल्याशिवाय भिंतीला हात लावत नसे. कार्यकर्ते म्हणायचे, "पेंटर, मार ना लेका, आपलंच गाव हाय." हा दार वाजवायचा. आणि घरातला पुरुष बाहेर आला तरी त्याला बाजूला ठेवून बाईला हाक द्यायचा. "माय, लिवू का?"

"तिलेच काहून विचारता?" मी एकदा विचारलं.

"भिंत कोनं सारवली? तिनं ना? मंग."

या विचारण्यातून त्याला जे कळायचं ते भाऊंच्या कोणत्याही माणसाला कळत नसे. आमच्याकडं कुणी नेत्याला तोंडावर नाही म्हणत नाही. सगळे म्हणतात, तुमच्याच मागं आहोत भाऊ. गाडीपाशी येतात, पाया पडतात, सेल्फी काढतात. पण भिंत द्यायची नसेल तर बाई म्हणते, "भिंत ओली हाय हो दादा." किंवा, "घरात लग्न हाय, चुना द्यायचा हाय." पेंटर एवढंच ऐकायचा, मान हलवायचा आणि सायकल ढकलत पुढं जायचा. एका उन्हाळ्यात रिठदकडच्या दोन गावांत ओळीनं सगळ्या भिंती ओल्या निघाल्या. मे महिना, विहिरींना पाणी नाही आणि भिंती ओल्या. पेंटरनं येऊन सांगितलं, "भाऊ, तिकडं पाऊस झाला मोठा." भाऊ खो खो हसले. निकालात ती दोन्ही गावं गेली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला भाऊ त्याला आवर्जून विचारायचे, "पेंटर, भिंती काय म्हणून राह्यल्या?" तेव्हा भाऊ ऐकून घ्यायचे. हे मी मुद्दाम लिहितो. माणूस पहिल्यापासून तसा नव्हता.

करीच्या दिवशी पेंटर चौकातल्या सोसायटीच्या भिंतीवर शिडी लावून वर होता. भाऊंचा वाढदिवस जवळ आला होता. मजकूर माझा होता. 'आया-बहिणींचा पाठीराखा' ही ओळ मी लिहिली होती आणि त्या ओळीवर मी खूश होतो. ती रंगवत असताना त्याच्या पाठीमागं वीस पावलांवर सुनंदाताईंना केस धरून टिप्परपासून चौकात ओढत आणलं. मी त्या दिवशी वाशिमला छापखान्यात होतो, म्हणून मी हे पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांतले काही असे: हॉटेलवाला गजानन कढईपुढं, शिंपी मशीनवर, बस थांब्याच्या ओट्यावर पत्ते खेळणारे सहा-सात जण, आणि पेंटर शिडीवर. कुणी उठलं नाही. पेंटरही उतरला नाही.

हे त्यानंच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, ब्रश रॉकेलात बुडवता बुडवता. "पायरीवरून पाय निघे ना माहा. मी म्हनलं, आता उतरतो, आता उतरतो. तिनं वरतं पायलं माह्याकडं. एकडाव. मंग तिच्या डोयावर पट्टा बसला." बराच वेळ तो ब्रश त्याच डब्यात ढवळत राहिला. मग म्हणाला, "ते आया-बहिनींची वळ आता कोनाकडून पुरी करून घ्यायची ते घे. माह्यानं होत नाई."

पोलीस आले तेव्हा या सगळ्यांनी बयान दिलं. तेव्हा बंडू आत होता आणि लोकांना राग आला होता, त्यामुळं तोंडं उघडली. गजाननसुद्धा बोलला. सगळ्यांत लांब बयान पेंटरचं. कोणत्या हातात पट्टा होता, किती वेळ, कोण काय बोललं, सगळं त्यानं नीट रेघ मारल्यासारखं सांगितलं.

आठच दिवसांत भाऊंनी त्याला बंगल्यावर बोलावलं. मी तिथं बाजूच्या खोलीत पत्रक लिहीत होतो. दार उघडं होतं.

भाऊ म्हणाले, "पेंटर, तू शिडीवर होता ना? तोंड भिंतीकडं असंन तुहं."

"व्हय भाऊ."

"मंग पाठीमागचं तुले काय दिसते?"

"पाठीमागून पट्ट्याचा आवाज आला तं मानूस वयून पायते भाऊ."

"तुह्या डोयाले चष्मा हाय."

"वाचाचा हाय. लांबचं मले चांगलं दिसते. तुमचं नाव मी हायवेवरून वाचतो."

भाऊ हसले नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बंडू आपला पोरगा हाय. रागात झालं. तिच्या दवाखान्याचं मी पाहतो. तुहं वय झालं आता, कोर्टाचे चकरा कायले मारतं?"

पेंटर उठला. नमस्कार केला. वाकून केला, जसा तो नेहमी करायचा. आणि म्हणाला, "भाऊ, मी तुमच्यासाठी लय दारं वाजवले. परत्येक बाईनं मले विचारलं, मानूस चांगला हाय ना? मी व्हय म्हनलो. आता त्या बायांले काय सांगू, ते सांगा."

भाऊंनी फोन हातात घेतला. पेंटर बंगल्याच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत येऊन, विसरलेली चुन्याची बादली घेऊन गेला.

तीन महिन्यांनी बंडूला जामीन मिळाला. जामीन मिळणं हा कायद्याचा भाग आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते पुढच्याबद्दल. भाऊ स्वतः शेलूबाजारच्या चौफुलीवर गेले. जीपा उभ्या होत्या, ढोल होता. बंडूला त्यांनी जीपच्या बॉनेटवर चढवलं, झेंडूचा हार घातला आणि माईकवर म्हणाले, "हा माझा माणूस आहे. मी माझ्या माणसाला वाऱ्यावर सोडत नसतो." दुपार व्हायच्या आत तो व्हिडिओ प्रत्येक फोनवर होता. सुनंदाताईंच्या पोराच्या फोनवरही.

माझ्या बरोबरचे काही जण भारावले. नेता असावा तर असा, आपल्या माणसामागं उभा राहतो. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि त्यातले सगळे वाईट लोक नव्हते. काही जण म्हणाले, चूक झाली पण गावचा रस्ता बंडूनंच केला ना. आणि मी? मी आणखी दीड महिना पत्रकं लिहीत राहिलो. पगार होता म्हणून. मग सोडलं. त्याबद्दल कुणी माझी पाठ थोपटू नये.

त्या हाराचा अर्थ मला गजाननच्या हॉटेलात कळला. पेंटर आणि मी चहा पीत होतो. गजानन टेबल पुसता पुसता पेंटरच्या कानाशी आला.

"पेंटरबुवा, मी आत भजे तळत होतो त्या दिवशी. मले काई दिसलं नाई. तुमीबी तसंच म्हना."

"तू तं बयानात समदं सांगतलं गजू."

"तवा तवाचं. पेंटरबुवा, भाऊनं हार बंडूले घातला, पन पाहून राह्यले होते आपल्याकडं." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "माहं दुकान सोसायटीच्या जागेत हाय, अन् सोसायटी भाऊच्या हातात. तुमची तं शिडी हाय, कुठंबी लावान."

हार मतदारांसाठी होता असं आपण समजतो. टीव्हीवर तासभर चर्चा करतो, याचा मतांवर काय परिणाम होईल. तो हार साक्षीदारांसाठी होता. चौफुलीवर ढोल वाजला तेव्हा आमच्या चौकातली एकेक जीभ आत गेली. आधी गजानन, मग शिंपी, मग ओट्यावरचे सगळे. मत गुपचूप द्यायचं होतं, साक्ष सगळ्यांसमोर.

पुढं निवडणूक लागली. भाऊंच्या पीएनं पेंटरला बोलावलं नाही, फ्लेक्सच लावायचे ठरले होते. तरी पेंटर सायकल काढून निघाला. भाऊंचा चुना नाही, भाऊंचा गेरू नाही, आणि शिडी आडवी बांधलेली. मी मोटरसायकल हळू चालवत त्याच्या बरोबर. मी म्हटलं, काका, कुणासाठी रंगवायचं आहे? तो म्हणाला, "रंगवाचं नाई. विचाराचं हाय."

पहिल्या गावात पहिल्याच दाराशी त्यानं हाक दिली. "माय, भाऊचं नाव लिवू का?" बाई उंबरठ्यात येऊन उभी राहिली. तिनं ओल्या भिंतीचं सांगितलं नाही. म्हणाली, "ते हाराच्या व्हिडिओतले तेच भाऊ ना? पुसता काहून? तुमाले तोंड कसं होते पुसाले?" पेंटर म्हणाला, "माय, तोंड नाई होत, म्हनूनच पुसून राह्यलो." त्यानं प्रत्येक घरी तसंच केलं. जिथं त्यानं आधी कधी शब्द दिला होता, तिथं जाऊन सांगितलं, "मानूस चांगला हाय म्हनलो होतो. तवा मले तसं वाटत होतं. आता मी तसं म्हनत नाई. तुमचं मत तुमी पाहा." एवढंच. दुसऱ्या कुणाला मत द्या असं एकदाही म्हणाला नाही. काही बायांनी त्याला पाणी दिलं. एका घरातल्या पुरुषानं सायकलची हवा सोडली. एक म्हातारी म्हणाली, "मी तं तुह्या तोंडाकडं पाहून मत देत आली रे नारायना. तिकडच्याचं तोंड मी कुठं पायलं होतं?" त्या वेळी त्यानं सायकल तिच्या भिंतीला टेकवली आणि तो तिच्या पायरीवर बसला.

परिणाम काय झाला ते सांगतो, कारण तुम्ही विचारणार. आमच्या गावात भाऊ मागं पडले. त्या रस्त्यावरच्या आणखी काही गावांतही. पण बाकी सगळीकडं ते पुढं निघाले आणि निवडून आले. मिरवणुकीत बंडू जीपवर होता. मी पेंटरला म्हटलं, काका, वाया गेलं. तो माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, "त्याले मतं पडली तं पाप फिटलं काय? तुह्या डोक्यात कोनं घातलं हे?" मला वाटतं, हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात आहे. नेता हरला तर त्याला शिक्षा झाली, जिंकला तर जनतेनं माफ केलं. सुनंदाताईंना कुणी विचारलं का, त्यांनी माफ केलं का?

मग कोर्ट सुरू झालं. वाशिमला. पहिल्या तारखेला गजानन पिंजऱ्यात उभा राहिला आणि भजे तळत होतो म्हणाला. शिंप्याला त्या दिवशी ताप होता म्हणे. ओट्यावरचे एकमेकांचीही ओळख सांगेनात. सरकारी वकीलबाई सुनंदाताईंना म्हणाल्या, पोलिसांनी लिहून घेतलं ती साक्ष नव्हे. माणसानं इथं उभं राहून सांगावं लागतं. आता एकटा पेंटर आहे.

पेंटर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, फडक्यात पोळी बांधून एसटीनं तीन वेळा वाशिमला गेला. तोवर त्याला दम लागायला लागला होता. आयुष्यभराचा चुना आणि रॉकेल छातीत बसलं होतं. पहिल्यांदा न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्यांदा आरोपीचे वकील आले नाहीत. तिसऱ्यांदा त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला, शपथ घेतली, नाव सांगितलं, गाव सांगितलं. धंदा विचारला तर म्हणाला, पेंटर. आणि आरोपीच्या वकिलांनी कसलासा अर्ज दिला, आणि पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात बंडूची पोरं फोन धरून त्याचं शूटिंग करत होती. सुनंदाताईंनी त्याला पाण्याची बाटली दिली. त्या दोघांमध्ये फार बोलणं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काका, लय तरास होऊन राह्यला तुमाले. राहू द्या आता."

तो म्हणाला, "पोरी, शपथ घेतली ना. आता घरीबी खोटं बोलता येत नाई. बुडीनं विचारलं भाजी कशी झाली, तं खरं सांगा लागते."

सुनंदाताई हसल्या. मी त्यांना त्या दिवसानंतर हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"मी उतराले पायजे होतं," तो म्हणाला. "शिडीवरून."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आधी मी मोटरसायकलनं पुढं येऊन शेलूबाजारच्या थांब्यावर होतो. एसटी आली. सुनंदाताई माहेरी जायला पुढच्या गाडीत बसल्या. पेंटर उतरला. आमच्या गावाकडं जाणारी शेवटची जीप निघून गेली होती. तेवढ्यात भाऊंच्या माणसांची पांढरी गाडी त्याच्याजवळ थांबली. काच खाली झाली. "बसा पेंटरबुवा, सोडतो घरी." तो म्हणाला, "मले चालाचं हाय." आणि चालायला लागला. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. तीस-चाळीस पावलं गेला की तो थांबायचा, गुडघ्यांवर हात टेकायचा, छाती खालीवर व्हायची, परत चालायचा. गाडी त्याच्या मागं मागं, त्याच्याच चालीनं, हॉर्नवर हात दाबून. तो बाजूला झाला नाही. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. पांढरा सदरा वळणापर्यंत दिसला.

माझ्याकडं मोटरसायकल होती. मी चहाचा कप हातात धरून उभा राहिलो. मध्ये गेलो नाही. मी त्याला पाहिलं ते शेवटचं. पुढच्या तारखेच्या आठ दिवस आधी तो त्या दम्यानंच गेला. बयान कागदावर आहे, माणूस नाही, आणि कोर्टाला माणूस लागतो.

आता हे गावातल्या आणि आसपासच्या तुम्हा सगळ्यांना. त्या दिवशी चौकात जे होते त्यांची नावं मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. साक्षीला अजून सगळ्यांना बोलावलेलं नाही. ओट्यामागच्या दुकानात खत घ्यायला आलेले दोघे होते, समोरच्या माडीवर एक बाई वाळवण काढत होती, थांब्यावर बाहेरगावची माणसं गाडीची वाट पाहत होती. कुणी फोन काढला होता. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर भाऊ निवडून आले की पडले याचा विचार करू नका. तुम्ही जे पाहिलं त्याला मताची गरज नाही. उद्या सकाळी सुनंदाताईंच्या घरी जा. वस्तीत शिरल्यावर डाव्या हाताचं तिसरं घर. त्यांना सांगा, मी तिथं होतो, मी तिथं होते. तारीख विचारून घ्या. आणि त्या दिवशी वाशिमला या.